पायाची जखम आणि एक्सोसोमची कुपी

पायाची जखम महिनोन्महिने भरत नाही, बोट काढावं लागेल असं डॉक्टर म्हणतात, तेव्हा घरातली माणसं दागिने मोडायलाही तयार होतात. नेमकं याच वेळी कुणीतरी ‘स्टेम सेलचे (मूळ पेशींचे) एक्सोसोम’ सुचवतं. मधुमेह असलेल्या माणसाच्या घरच्यांना माझी कळकळीची विनंती आहे, पैसे भरण्याआधी थोडं थांबा.

एक्सोसोम ही थाप नाही. पेशी आपल्या बाहेर सोडतात त्या या अतिसूक्ष्म पिशव्या, साधारण ३० ते १५० नॅनोमीटरच्या. केसाच्या जाडीचा जवळपास हजारावा भाग. मेंढीच्या कोवळ्या लाल रक्तपेशींचा अभ्यास करताना १९८३ मध्ये त्या नजरेस आल्या, आणि पुढे बरीच वर्षं त्यांना पेशीने टाकलेला कचराच समजलं गेलं. २००७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं की त्यांत आरएनए, म्हणजे पेशीतला निरोप वाहणारा रेणू, असतो आणि तो दुसऱ्या पेशीत जाऊन कामाला लागतो. पेशींचं आपापसातलं टपालच ते. जखमेत सोडलेल्या स्टेम सेल फार काळ जगत नाहीत, तरी जखम सुधारते. त्याचं बरंचसं श्रेय आता या टपालाला दिलं जातं.

मधुमेहात जखम सुजेच्या टप्प्यावरच अडकून बसते. जंतूंशी लढायला आलेल्या पेशी लढणं थांबवत नाहीत, त्यामुळे नव्या रक्तवाहिन्या तयार होत नाहीत आणि नवं मांस धरत नाही. प्रयोगशाळेत एक्सोसोम दिल्यावर ही सूज ओसरते, नव्या रक्तवाहिन्या तयार होतात आणि उंदरांच्या जखमा लवकर मिटतात. आशा वाटावी असंच हे काम आहे. पण उंदराची कातडी मुख्यतः आक्रसून जखम मिटवते, माणसाच्या जखमेत नवं मांस भरावं लागतं. उंदरावरचा निकाल तुमच्या वडिलांच्या टाचेला तसाच लागू होत नाही.

शिवाय विकत मिळणाऱ्या कुपीत काय आहे, हे कसं कळणार? पेशी कुणाच्या, त्या कशा वाढवल्या, कुपीत एक्सोसोम किती, यांचं सर्वमान्य मोजमाप अजून ठरलेलं नाही. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जाहीर इशारा दिला, कारण नेब्रास्का राज्यात अशा उपचारानंतर रुग्णांना गंभीर त्रास झाला होता. तिथे तेव्हा एकाही एक्सोसोम उत्पादनाला मंजुरी नव्हती. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे वगैरे ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेलचा वापर फक्त रीतसर चाचणीतच करता येतो. कुणी ‘चाचणी आहे’ म्हणालं तर सीटीआरआयचा, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा, नीतिमत्ता समितीची मंजुरी विचारा. आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे मागितले, तर तिथून उठा.

जखम भरायला ज्याचा आधार पक्का आहे, ते फारसं चमकदार नाही. साखर आटोक्यात आणणं, पायाचा रक्तपुरवठा तपासणं, सडलेला भाग काढणं, जंतुसंसर्गावर औषध. आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे जखमेवरचा भार काढणं. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर उपचार करताना शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी हे पटवून दिलं. पाय बधिर असतो, दुखत नाही, म्हणून माणूस त्याच जखमेवर चालत राहतो आणि जखम चिघळते. पायाला नेमकं बसणारं प्लास्टर घातलं की तीच जखम भरू लागते. कुष्ठरुग्णांसाठी वापरात आलेली एमसीआरची (सूक्ष्म छिद्रांच्या रबराची) मऊ चप्पल आज मधुमेहींनाही उपयोगी पडते. लाखोंचं इंजेक्शन घेऊन त्याच जखमेवर चालत राहिलं तर हाती काय लागणार?

वारीला जाणाऱ्यांना, नवरात्रात अनवाणी राहणाऱ्यांना हात जोडून सांगते: मधुमेह असेल तर पायात चप्पल हवीच, घरातसुद्धा. तळपाय रोज आरशात बघा, नाहीतर नातवंडाला बघायला सांगा. भोवरी ब्लेडने कापू नका. फोड, काळेपणा किंवा पू दिसला तर हळद लावून वाट बघू नका, दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि दाखवताना ‘पायाचा रक्तपुरवठा तपासला का?’ हे डॉक्टरांना आवर्जून विचारा.