यादीत ‘भावना’ नाही

नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका महाविद्यालयात वक्तृत्व स्पर्धेचा परीक्षक म्हणून बसलो होतो. विषय ठरलेलाच, संविधान आणि तरुणाई. सहाव्या क्रमांकाची मुलगी उभी राहिली आणि तिनं अनुच्छेद १९(१)(क) घडाघडा म्हणून दाखवला. आवाज खणखणीत, हात बरोबर त्या त्या शब्दाला वर. शेवटी म्हणाली, ‘अर्थात हे स्वातंत्र्य कुणाच्याही भावना न दुखावता वापरायचं, अशी मर्यादा आपल्या संविधानानंच घातली आहे.’ टाळ्या पडल्या. शेजारच्या खुर्चीतले निवृत्त प्राध्यापक माझ्याकडे झुकून म्हणाले, ‘हिला एवढं तरी कळतं. बाकीच्या पोरांना हक्क तेवढे पाठ, मर्यादा कुणाला ठाऊक?’

गंमत अशी की मुलीचं जे एकमेव वाक्य चुकलं होतं, त्यालाच टाळ्या मिळाल्या. प्राध्यापकांचं तर दुहेरी चुकलं होतं.

त्यांचं म्हणणं एकट्याचं नाही, म्हणून ते नीट मांडून मग खोडतो. विद्यार्थ्यांना अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे वाट्टेल ते बोलायचा परवाना वाटतो. त्यांना आधी मर्यादा शिकवा, कर्तव्यं शिकवा, हक्क मग बघू, असा हा पूर्वपक्ष. त्यातलं अर्धं मी बिनशर्त मान्य करतो. विद्यार्थ्यांना हा हक्क कळत नाही, हे खरंच आहे. पण त्यांना जे कळत नाही ते परवान्याच्या बाजूचं नाही. मर्यादा आहेत त्याहून किती तरी मोठ्या आहेत, अशी त्यांची समजूत आहे.

मर्यादा आहेत तरी किती? अनुच्छेद १९(२) उघडून मोजाव्यात. भारताचं सार्वभौमत्व व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परकीय देशांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, अपराधाला चिथावणी. झाल्या आठ. या आठांपैकी एका कारणासाठी, तेही कायदा करून आणि तेही ‘वाजवी’ असेल तेवढाच निर्बंध सरकारला घालता येतो. जानेवारी २०२३ मध्ये कौशल किशोर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ही यादी पूर्ण आहे, तीत बाहेरून नववं कारण घुसडता येणार नाही, असं सांगितलं. या यादीत ‘भावना’ हा शब्द नाही.

इथं कुणी वकील हात वर करील, की दंडसंहितेत २९५अ होतं, आता न्याय संहितेत २९९ आहे, ते धार्मिक भावनांबद्दलच आहे ना? आहे. पण त्या कलमात हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीनं केलेला धर्माचा अपमान अशी अट आहे. सहज बोलण्यातून कुणाला लागलं, तर ते त्यात बसत नाही. शिवाय १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते कलम टिकवलं, ते सार्वजनिक सुव्यवस्थेच्या खुंटीला बांधून. भावनेची वेगळी खुंटी तेव्हाही न्यायालयाला सापडली नाही, कारण ती नव्हतीच.

हे नाशिकच्या मुलांना तरी पुस्तक उघडून शिकवावं लागू नये. पंचवटीत काळाराम मंदिर आहे. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथं दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि पुढं सुमारे पाच वर्षं चालला. दादासाहेब गायकवाडांनी तो खांद्यावर वाहिला. रामनवमीच्या रथाच्या वादातून दगडफेक झाली. विद्यार्थिदशेतले वि. वा. शिरवाडकर १९३२ मध्ये त्या सत्याग्रहात होते. सनातन्यांची तक्रार काय होती? आमच्या धर्मभावना दुखावतात. आणि त्या खरंच दुखावत होत्या, यात मला शंका नाही. भावना दुखावणं ही मर्यादा मानली, तर काळारामाचा सत्याग्रह पहिल्याच दिवशी बेकायदा ठरतो, आणि दार बंद ठेवणारे तेवढे मर्यादाशील. ज्या माणसानं त्या दारापुढं ही तक्रार ऐकली, तोच पुढं घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. मसुद्यात भावनांना जागा मिळाली नाही, हा निव्वळ योगायोग मानायला मी तयार नाही. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीनं ही यादी वाढवली, हे खरं. सार्वजनिक सुव्यवस्था आणि चिथावणी तेव्हाच आत आल्या, ‘वाजवी’ हा शब्दही तेव्हाचाच. आंबेडकर त्या वेळी कायदामंत्री होते आणि दुरुस्तीच्या बाजूनं बोलले होते. तेव्हाही भावना आत घेतल्या नाहीत.

आता कर्तव्यं. हक्काआधी कर्तव्य म्हणणाऱ्यांना एक आठवण द्यावी लागते. मूलभूत कर्तव्यं घटनेत आली १९७६ मध्ये, बेचाळिसाव्या दुरुस्तीनं, म्हणजे आणीबाणीत. ज्या वर्षी वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता त्या वर्षी नागरिकांना त्यांची कर्तव्यं सांगितली गेली, यातलं काय ते ज्यानं त्यानं ओळखावं. पण ५१क वाचावंच म्हणतो मी. त्यात वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद, शोधक बुद्धी आणि सुधारणावाद जोपासणं हेही कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. शोधक बुद्धीचा विद्यार्थी प्रश्न विचारणार. प्रश्न विचारला की कुणाला तरी लागणार. म्हणजे कर्तव्य बजावलं की मर्यादा मोडली, असा हा आपला अभ्यासक्रम!

‘पण ही पोरं सोशल मीडियावर काय वाट्टेल ते लिहितात, त्याचं काय?’ हा सगळ्यात जोरात येणारा आक्षेप, म्हणून त्याला तीन उदाहरणांनी उत्तर देतो.

नोव्हेंबर २०१२, पालघर. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद का, असा सौम्य प्रश्न एका तरुणीनं फेसबुकवर विचारला, दुसरीनं तो फक्त ‘लाइक’ केला. दोघींना अटक. पुढं आरोप मागं घेतले गेले, दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले. मे २०२२, आपलाच नाशिक जिल्हा. औषधनिर्माणशास्त्राच्या एका विद्यार्थ्यानं नाव न घेता, पण शरद पवारांकडे रोख ठेवून एक ट्वीट केलं. अनेक पोलीस ठाण्यांत गुन्हे, महिन्याहून जास्त कोठडी, जून संपता संपता मुंबई उच्च न्यायालयाचा दिलासा. मे २०२५, पुणे. अभियांत्रिकीच्या एकोणीस वर्षांच्या मुलीनं ‘ऑपरेशन सिंदूर’बद्दल कुणाची तरी पोस्ट पुढं टाकली, दोनेक तासांत काढली, माफीही मागितली. तरी अटक झाली आणि महाविद्यालयानं म्हणणं न ऐकताच काढून टाकलं. २७ मे ला उच्च न्यायालयानं तिला सोडायला सांगितलं, बडतर्फीला स्थगिती दिली आणि परीक्षेला बसू दिलं.

२०१२ ला सरकार काँग्रेस-राष्ट्रवादीचं, २०२२ ला महाविकास आघाडीचं, २०२५ ला महायुतीचं. तीन सरकारं, रंग तीन, आणि हातकडी एकच. २०२२ ला त्या मुलासाठी गळे काढणारे २०२५ ला त्या मुलीविरुद्ध मोर्चात होते, आणि उलटही. या दोन्ही बाजूंना अभिव्यक्तिस्वातंत्र्य कितपत कळतं, हे कुणी तपासतं का? चाचणी तेवढी विद्यार्थ्यांची.

नाशिकचं ते ट्वीट मला आवडलं होतं, असं कुणी समजू नये. मजकूर ओंगळ होता. त्यात गोडसेची आठवण काढली होती. चिथावणीचा प्रश्न तिथं विचारता येतो आणि विचारावाही. पण तो विचारायची रीत ठरलेली आहे. २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात सर्वोच्च न्यायालयानं चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी अशा तीन पायऱ्या केल्या आणि कायद्याचा हात तिसऱ्या पायरीवरच पोचतो असं म्हटलं. १९८९ च्या रंगराजन निकालात तर दारूच्या कोठारातल्या ठिणगीचा दाखला आहे: बोलणं आणि भडका यांचं नातं इतकं थेट हवं. त्या ट्वीटनं कुठं भडका उडणार होता? सुनावणीत न्या. एस. एस. शिंदे यांच्या खंडपीठानं जे सुचवलं ते मला जास्त मोलाचं वाटतं. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांच्या उंचीच्या माणसालाही एक विद्यार्थी तुरुंगात राहावा हे आवडणार नाही, असा त्याचा आशय होता. मोठ्या माणसाची अब्रू त्याचे भक्त घालवतात, हे न्यायालयाला सभ्य भाषेत सांगावं लागलं.

शब्द कोंडले की शांतता राहते, असं मानणाऱ्यांनी तर नाशिकचं १९०९ साल विसरूच नये. गोविंद कवींच्या कविता छापल्याबद्दल बाबाराव सावरकरांना त्या वर्षी जन्मठेप, काळं पाणी झालं. २१ डिसेंबरला विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारा अनंत कान्हेरे सतरा-अठरा वर्षांचा विद्यार्थी होता. कवितेला जन्मठेप देऊन सरकारला शांतता मिळाली नाही. मग त्यानं १९१० चा प्रेस ॲक्ट आणला.

मग विद्यार्थ्यांना शिकवायचं काय? आज आपण त्यांच्याकडून म्हणवून घेतो. सातवीच्या नागरिकशास्त्रात मूलभूत हक्क आहेत. २६ जानेवारी २०२० पासून राज्यातल्या शाळांत परिपाठाला उद्देशिका वाचायची, असा शासनाचा आदेश आहे. पुणे विद्यापीठात, म्हणजे नाशिकच्या महाविद्यालयांतही, लोकशाही, निवडणूक आणि सुशासन हा विषय पदवीच्या मुलांना आला. त्याच महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या खुल्या निवडणुका तीस वर्षांहून अधिक काळ झालेल्या नाहीत. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानं त्या कागदावर परत आणल्या, २०१९ ला होणार होणार म्हणता राहून गेल्या. पोहण्याची लेखी परीक्षा घेऊन तलावाला कुलूप लावणारा हा प्रकार आहे.

माझ्या मते मुलांना सगळ्यात आधी ती आठ कारणंच शिकवावीत. कुंपण कुठं आहे हे ज्याला ठाऊक नसतं तो मळ्यात पाऊलच टाकत नाही, किंवा टाकतो ते नेमकं दुसऱ्याच्या वाफ्यात. बदनामी म्हणजे काय हे त्यांना कळायला हवं, कारण वर्गातल्या मुलीबद्दल ग्रुपवर घाण लिहिणं हे स्वातंत्र्य नव्हे आणि तिथं हा अनुच्छेद कुणाच्या मदतीला येत नाही. ग्रुपचा अ‍ॅडमिन दुसऱ्याच्या पोस्टला आपोआप जबाबदार ठरत नाही, समान हेतू दाखवावा लागतो, हे नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलं आहे. पण अजूनही अ‍ॅडमिन व्हायचं म्हटलं की पोरं दचकतात. तीन वर्षं ते सात वर्षांहून कमी शिक्षेच्या आरोपात गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची सोय आहे आणि बोलण्या-लिहिण्याच्या तक्रारीत पोलिसांनी ती वापरावी, असं सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेच्या प्रकरणात म्हटलं. आणि गप्प राहण्याचाही हक्क असतो, हे केरळातल्या तीन शाळकरी भावंडांनी १९८६ मध्ये देशाला शिकवलं. राष्ट्रगीताला ती आदरानं उभी राहायची, फक्त श्रद्धेमुळं गात नसत. शाळेनं काढलं, सर्वोच्च न्यायालयानं परत घ्यायला लावलं. या प्रकरणावर वक्तृत्व स्पर्धा ठेवायची हिंमत कुठल्या प्राचार्यांत आहे, ते पाहायला मला आवडेल.

बक्षीस समारंभानंतर ती मुलगी चहाच्या टेबलाशी आली. दुसरा क्रमांक मिळाला होता. तिला सांगितलं, भावना त्या यादीत नाहीत. तिनं विचारलं, ‘सर, पण हे पोलिसांना माहीत असतं का?’ मी तिला माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या कलम ६६अ ची गोष्ट सांगितली. पालघरच्या त्या अटकेनंतर श्रेया सिंघल न्यायालयात गेली, तीही तेव्हा एकवीस वर्षांचीच. २४ मार्च २०१५ ला ते कलम रद्द झालं. तरी २०२१ मध्येही त्याखाली गुन्हे नोंदवले जात असल्याचं पाहून सर्वोच्च न्यायालयाला धक्का बसला. ती हसली नाही. प्रमाणपत्र उलटं करून मागच्या कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं आणि म्हणाली, ‘आठही सांगा ना, सर.’

सहा सांगून झाली. सातव्यासाठी तिनंच मोबाईल काढून माझ्यापुढं धरला.