मुरगळलेला पाय आणि गुलाबी धागे

मैत्रिणींनो, पाय मुरगळला की आपण दोन दिवस हळदीचा लेप लावतो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा ओट्याशी उभ्या! 'हाड मोडलं नाही ना, मग झालं,' असं घरचेही म्हणतात. शाळेत मुलींना संयोगी ऊतींच्या काचपट्ट्या दाखवताना मला वाटतं, प्रत्येक गृहिणीने एकदा तरी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावावा.

दोन हाडांना बांधून ठेवणारा अस्थिबंध रंगवलेल्या पट्टीवर गुलाबी धाग्यांच्या लडीसारखा दिसतो. सगळे धागे एकाच दिशेने, किंचित लहरत गेलेले. हे कोलॅजेन नावाचे प्रथिन. त्याचा तीन पदरी पीळ १९५४ साली मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी मांडला. धाग्यांमधले जांभळे ठिपके म्हणजे पेशींची केंद्रके, तीही विरळ. रक्तवाहिन्या तर शोधाव्याच लागतात. म्हणूनच तुटलेले धागे सांधायला दिवस नव्हे, आठवडे लागतात.

तेव्हा पहिले दोन-तीन दिवस चोळणे, शेकणे नको. फडक्यात बर्फ गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे ठेवावा, पट्टी बांधावी, पाय उशीवर उंच घ्यावा. पायावर भार टाकताच येत नसेल, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे. कोलॅजेन घडायला 'क' जीवनसत्त्व लागते; त्यासाठी आवळा, पेरू, लिंबू आहेतच.

आणि स्वयंपाक? तो आठ दिवस बाकीच्यांनी केला, तर त्यांचे धागे काही तुटायचे नाहीत!