घराखालची माती किती खोल?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटांनी किल्लारी हादरली, तेव्हा देशाच्या भूकंप-नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. सुमारे दहा हजार माणसे गेली, बहुतेक दगडमातीच्या भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली. नकाशा पुढे सुधारला. पण त्यात अख्ख्या जिल्ह्याला एकच रंग असतो; कोणत्या गल्लीत हादरा किती वाढेल, हे त्यात दिसत नाही.

खडकातून आलेली लाट मऊ मातीत शिरली की तिचा वेग घटतो आणि हेलकावा वाढतो. १९८५ मध्ये साडेतीनशे किलोमीटरहून दूरच्या भूकंपाने मेक्सिको शहरातील जुन्या तळ्याच्या गाळावरची वस्ती उद्ध्वस्त केली. २००१ मध्ये भूजपासून दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती बसल्या. (तिथे बांधकामही कच्चे होते, हे खरेच.)

मराठवाड्यात वर काळी माती, खाली मुरूम, मग कातळ. विहीर खोदणाऱ्याला हा क्रम पाठ असतो. प्रश्न जाडीचा आहे, आणि नांदेडला गोदाकाठच्या गाळामुळे तो अधिक टोकदार होतो. जागोजागी बोअर घेणे महाग पडते. त्याऐवजी चोवीस जिओफोन ओळीने जमिनीत खोचतात आणि लोखंडी पाट्यावर घणाचा घाव घालतात. पृष्ठभागालगत पळणाऱ्या आखूड लाटा वरच्या थरातून जातात, लांब लाटा खोलवरची खबर आणतात. त्यांच्या वेगांतील फरकावरून साधारण तीस मीटरपर्यंतचे थर किती टणक आहेत ते कळते. गजबजलेल्या चौकात तर घणही लागत नाही, ट्रक-रिक्षांची थरथर पुरते.

त्यातून हाती येणारा हिशेब साधा आहे. ज्या मातीत लाट सेकंदाला दोनशे मीटर धावते, तिचा दहा मीटरचा थर सेकंदाला पाच वेळा डोलतो. दुमजली घराचे डोलणेही जवळपास तेवढेच. थर पंचवीस मीटरचा असेल, तर पाळी पाचमजली इमारतीची येते.

नांदेड शहराला २००७ च्या आसपास जमिनीखालच्या आवाजांनी आणि हलक्या धक्क्यांनी हैराण केले होते. मार्च आणि जुलै २०२४ मधले हिंगोलीचे ४.५ तीव्रतेचे धक्केही तिथे जाणवले. दर वेळी दोन दिवस चर्चा होते आणि मग बांधकाम परवाने पूर्वीसारखेच निघतात. दिल्ली, जबलपूर, गुवाहाटी यांचे असे सूक्ष्म नकाशे झाले आहेत. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूविज्ञानाचे संकुल आहेच. महापालिकेने शाळा आणि रुग्णालयांच्या आवारांपासून मोजणी सुरू करावी आणि तिचे आकडे परवाना देणाऱ्याच्या टेबलावर ठेवावेत. प्लॉटचे भाव पडतील, ही बिल्डरांची भीती अनाठायी आहे. मऊ जमिनीवरही घर उभे राहते. फक्त पाया, मजले आणि लोखंडाचा हिशेब बदलतो.