हे सगळं आपलंच!

"अरे, तू पीएचडी ना?"

मित्राचे वडील. मिरजेहून सहा महिन्यांसाठी आलेले, रेल्वेतून रिटायर झालेले. प्रश्न विचारला तेव्हा माझ्या हातात चार इवलेसे निळे रेल्वेचे डबे होते आणि ते ओक्लाहोमावरून न्यावेत की लिटल रॉकवरून, या विवंचनेत मी होतो.

शनिवार होता. आम्ही आठजण सकाळी साडेदहाला जमलो ते रात्री अकराला उठलो. बाहेर टेक्सासचा ऑगस्ट, पारा चाळीसच्या वर. प्लेनो म्हणजे डॅलसच्या उत्तरेचं उपनगर. रुंद रस्ते, सारखी दिसणारी विटांची घरं आणि गाडी चालवता येत नसेल तर माणूस घरातच कैद. पाचजण एका टेबलावर 'तिकीट टु राइड' खेळत होते (अमेरिकेच्या नकाशावर आपल्या रंगाचे डबे मांडत गावं जोडायची), तिघं दुसरीकडे 'कटान'.

"काका, बसा ना."

"छे रे, हे लहान मुलांचे खेळ." आणि लगेच, "तसं हे सगळं आपलंच. सापशिडी ज्ञानेश्वरांची, बुद्धिबळ आपलं, तुमचा ल्युडो म्हणजे आपली पचिशी."

एवढं बोलून काका गेले का? अजिबात नाही. पुढचे तीन तास पोराच्या खुर्चीमागे उभे! "डॅलस-ह्यूस्टन आधी घे, एका डब्याचीच लाइन आहे, कुणीही उचलेल." सल्ला बरोबर होता हो. चाळीस वर्षं रेल्वेत काढलेला माणूस. पण खुर्चीत बसेनात. बसलं की खेळावं लागतं, आणि खेळलं की हरावंही लागतं ना!

तर मला बोलायचंय ते या 'आपलंच' बद्दल. अमेरिकेत भेटलेल्या जवळजवळ प्रत्येक मराठी माणसाकडून हे वाक्य ऐकलंय, आणि ते म्हणणाऱ्यांपैकी एकाच्याही घरी पट मांडलेला पाहिला नाही.

मोक्षपट ज्ञानेश्वरांनी केला असं आपली परंपरा सांगते. ठीक. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तो विलायतेला पोचला, तिथे त्याचा साधा पोरांचा खेळ झाला आणि छापील होऊन आपल्याकडे परत आला. आपण त्यात काय भर घातली? ल्युडोच्या पाठीमागे सापशिडी छापली. एका पुठ्ठ्यात दोन खेळ, काटकसर झाली! लहानपणी अख्खी मे महिन्याची सुट्टी ज्यात घालवली तो 'व्यापार' तर सरळ मोनोपॉलीची नक्कल. (मोनोपॉलीचं मूळ एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईच्या खेळात. तिने 1904 साली पेटंट घेतलं, तेही जमीनदारीचे तोटे लोकांना कळावेत म्हणून. पुढे तिचं नाव गायब झालं आणि तोटे हाच खेळातला फायदा झाला. असो.) 'व्यापार'च्या डब्यावर खेळ करणाऱ्याचं नाव होतं का, आठवून बघा.

आता जर्मनांकडे बघा. 1988 साली न्यूरेंबर्गच्या खेळण्यांच्या जत्रेत काही खेळकर्त्यांनी एका बिअरच्या ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर लिहून सह्या केल्या, की डब्यावर आमचं नाव छापणार नसाल तर खेळ देणार नाही. खेळ करणं हे पुस्तक लिहिण्याइतकंच काम आहे, एवढंच त्यांचं म्हणणं. कटान करणारा क्लाउस टॉयबर दाताच्या कवळ्या बनवणारा तंत्रज्ञ होता. दिवसभर काम करून रात्री तळघरात खेळ रचायचा. 1995 साली कटान आला आणि त्याच वर्षी जर्मनीचा 'वर्षाचा उत्तम खेळ' ठरला. त्याला घरी कुणी "लहान मुलांचे खेळ" म्हणालं असतं तर?

तुम्ही म्हणाल, तुम्हाला शनिवार-रविवार सुट्टी, आम्हाला कुठला वेळ? अहो, पन्नास षटकांची मॅच आठ तास बघता की! नाहीतर दुसरा प्रश्न ठरलेला: "मुलांच्या बुद्धीला चांगलं असतं का हे?" म्हणजे खेळातूनही मार्क निघायला हवेत. अबॅकसच्या क्लासला घालतात तसं कटानला घालायचं!

आमच्या घरी कॅरम होता. मी दहावीत गेलो त्या जूनमध्ये बाबांनी तो माळ्यावर टाकला. "एक वर्षाचा प्रश्न आहे." मग बारावी, मग इंजिनिअरिंग, मग जीआरई... तो कॅरम खाली आलाच नाही. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी लॅबमधल्या एका जर्मन मुलाने मला कटान शिकवला. पहिला डाव हरलो तेव्हा माझे कान लाल झाले होते, घसा कोरडा. तो बघतच राहिला. त्याला कसं सांगणार, की पंधराव्या वर्षापासून ज्यात हरलं तर काही बिघडत नाही अशी एकही गोष्ट मी केली नव्हती!

आणि बाबा? तेही रिटायर झालेत. दर रविवारी फोनवर आम्ही हवामान, गुडघे आणि "बाकी काय" यावर चार मिनिटं बोलतो. मग फोन आईकडे. त्या टेबलावर आठजणांत साडेबारा तास एकदाही "बाकी काय" झालं नाही. इथल्या देशी पार्ट्यांत पुरुष हॉलमध्ये घरांच्या किमती आणि ग्रीनकार्डावर बोलतात, बायका किचनमध्ये. त्या शनिवारी मित्राच्या बायकोने त्याचा शिकागोचा रस्ता असा काही अडवला की तो दहा मिनिटं तिच्याशी बोलला नाही. नंतर दोघं मिळून भांडी घासताना त्याच रस्त्यावरून पुन्हा भांडत होते.

काका शेवटपर्यंत उभेच होते. अकरा वाजता डबे आवरताना त्यांनी निळ्या गाड्या मोजून पिशवीत भरल्या. पंचेचाळीस. एक कमी पडत होती, ती सोफ्याखालून त्यांनीच वाकून काढली.

डिसेंबरात पुण्याला येतोय, डबा घेऊन येणार आहे. आणि माळ्यावर चढून तो कॅरमही काढणार आहे, वाळवीने काही शिल्लक ठेवला असेल तर. ज्यांना यायचंय त्यांनी जरूर या, पण बसायचं. मागे उभं राहून सल्ले देणाऱ्यांना चहा मिळणार नाही.