नौदलातून परतलेल्या माणसाला मैदानावर बोलवा

धाराशिव जिल्ह्यातल्या मुरुमहून समुद्र गाठायचा तर एक अख्खी रात्र प्रवासात जाते. तरी आपल्या भागातली पोरं नौदलात जातात. ओडिशातल्या चिल्का तळावर शिकतात. अग्निवीर भरतीच्या आधी लागलेले पंधरा-वीस वर्षं जहाजांवर काढून ऐन पस्तिशी-चाळिशीत पेन्शन घेऊन गावी येतात. पुढे? कुणी बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहतो, कुणी प्लॉटच्या व्यवहारात पडतो, कुणी नुसताच पारावर बसतो. कष्टाच्या कुठल्याच कामाला मी कमी लेखत नाही. पण त्या माणसाला जे येतं ते गावात दुसऱ्या कुणाला येत नाही, आणि ते शिकून घ्यायचं आपल्याला सुचत नाही, ही आपली चूक आहे.

जहाजावर आग लागली तर अग्निशामक बंब बोलावता येत नाही. म्हणून तिथे प्रत्येक खलाशाला आग विझवणं शिकावं लागतं. पोहण्याची परीक्षा सक्तीची असते. नवा पोरगा आला की जुन्याने त्याला हाताशी धरून शिकवायचं, हा तिथला रोजचा शिरस्ता. म्हणजे चांगली नोकरी करून आलेला खलाशी निम्मा मास्तर होऊनच येतो.

नौदलातल्या कॅप्टन दिलीप दोंदे यांचंच बघा. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीतून त्यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या पाठोपाठ अभिलाष टॉमी कुठेही न थांबता जग फिरून आले. पुढे 2017-18 मध्ये ‘तारिणी’ बोटीवरून सहा महिला अधिकाऱ्यांनी जगाला फेरी मारली. त्यांना तयार करण्यात दोंद्यांचा मोठा हात होता. आणि या साऱ्या सागर परिक्रमेचा ध्यास ज्यांनी घेतला होता, ते 1971 च्या युद्धातले वीरचक्रविजेते व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर राहिले कुठे, तर फलटणजवळच्या विंचुर्णी गावात. तिथे तरी कुठला समुद्र?

मैदानावर रोज उभा राहणारा प्रशिक्षक काय करू शकतो, याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. धाराशिवच्या सारिका काळेने भारताच्या खो-खो संघाचं नेतृत्व केलं आणि 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला लागतात दोन खांब आणि सपाट जमीन. बाकी सगळं प्रशिक्षकाच्या चिकाटीवर.

आता आपल्याकडची पहाट आठवा. भरतीची तयारी करणारी पोरं डांबरी रस्त्यावर धावत असतात, शेजारून उसाचे ट्रॅक्टर जातात. बूट झिजलेले, नडग्या दुखतायत, तरी रोज जीव तोडून तेवढंच अंतर. नौदलाच्या अग्निवीर भरतीत मुलांना 1.6 किलोमीटर साडेसहा मिनिटांत पळायचं असतं, मुलींना आठ मिनिटांत. ते जमतंही. मग गडी अडतो वैद्यकीय तपासणीत. रंग नीट ओळखता येत नाहीत हे त्याला तिथे पहिल्यांदा कळतं. त्या वाटेने गेलेला माणूस मैदानावर असता तर त्याने पहिल्याच आठवड्यात डोळे तपासून घ्यायला पाठवलं असतं, आणि डांबरावरून मातीवर आणलं असतं.

पण मला भरतीपेक्षाही मोठं काम दिसतं ते पाण्याचं. आपले आजे-पणजे पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकले. आता विहिरी आटल्या आणि शेततळी आली. तळ्याला प्लास्टिकचं अस्तर असतं, त्यावर शेवाळ धरतं. पाय घसरला की पोहता येणाराही काठाला नखं रुतवू शकत नाही. त्याला काढायला दुसरा उडी मारतो आणि एका घरातले दोघे जातात. अशा बातम्या दर उन्हाळ्यात वाचून आपण पान उलटतो. खलाशाला विचारा. तो आधी सांगेल, उडी मारू नका, दोरी फेका. फेकताना टोकाला वजन हवं. दोरीला फास असा हवा, की ओढला तरी अंगाला आवळणार नाही. तळ्याच्या चारही बाजूंना जागोजागी गाठी मारलेली नायलॉनची दोरी पक्क्या खुंटीला बांधून पाण्यात सोडून ठेवा आणि काठावर हवा भरलेली ट्यूब ठेवा. खर्च किरकोळ आहे. कॉलेजच्या पोरांना हे एका दुपारी शिकवता येईल.

आता खलाशी भाऊ, दोन शब्द तुमच्यासाठी. नोकरीत असतानाच मुक्त विद्यापीठातून पदवी घ्या. निवृत्तीआधी पुनर्वसनाचे कोर्स मिळतात, ते टाळू नका. आल्यावर बीपीएड करा, जमल्यास पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा छोटा प्रमाणपत्र कोर्स करा. कॉलेजातल्या कायम पदाला एमपीएड आणि नेट किंवा सेट लागते, हे आधीच समजून घ्या, म्हणजे नंतर वाईट वाटणार नाही. आणि पोरांशी डेकवरच्या आवाजात बोलू नका. ती शिपाई नाहीत.

अग्निवीरांच्या आईवडिलांनाही सांगतो. मुलगा चार वर्षांनी परत येण्याची शक्यताच जास्त, कारण जास्तीत जास्त चौथा हिस्सा कायम होतो. हातात साधारण पावणेबारा लाखांचा सेवानिधी येईल. तो आला की पाहुणे ट्रॅक्टर आणि प्लॉट सुचवतील. त्यातला थोडा भाग आधी त्याच्या शिक्षणाला बाजूला काढा.

गावात माधवराव पाटील महाविद्यालय आहे, शाळा आहेत, मैदानं आहेत. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून अशा एका माजी नौसैनिकाचं वर्षभराचं मानधन उभं करावं. सत्काराची शाल आणि नारळ एवढ्यावर कुणी वर्षभर मैदानावर येणार नाही. गावात किती माजी नौसैनिक आहेत याची यादी या आठवड्यात करा, धाराशिवच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारणा करा आणि यादी घेऊन प्राचार्यांना भेटा. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी पहिला वर्ग शेततळ्याच्या काठावर घ्या.