‘सेन्सेई’ कोणाला म्हणावे?

जपानीत शिक्षकाला ‘सेन्सेई’ म्हणतात, हे पुण्यात आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. हा शब्द स्वतःबद्दल वापरायचा नसतो, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. डॉक्टर, वकील, पुढारी या साऱ्यांना जपानी माणूस सेन्सेई म्हणेल. पण शिक्षकाने स्वतःचा पेशा सांगताना म्हणायचे ‘क्योशी’. मला शिकवू लागून दुसरे वर्ष चालू आहे. मुले सेन्सेई म्हणून हाक मारतात. पण ‘मी क्योशी आहे’ हे वाक्य माझ्या तोंडून अजून धड निघत नाही, आणि त्याचा दोष एकटीने पत्करायला मी तयार नाही.

लग्नकार्यात भेटलेली माणसे विचारतात, “जपानी येते ना? मग कंपनीत का नाही जात?” त्यांचे सोडा. आम्ही नवशिक्या शिक्षिका तरी एकमेकींना ओळख कशी करून देतो? “मी एन-टू.” “मी एन-वन, यंदाच झाले.” पाच पायऱ्यांच्या ज्या परीक्षेत ना बोलायचे असते, ना निबंध लिहायचा असतो, तिचे प्रमाणपत्र आम्ही शिकवण्याचा परवाना म्हणून मिरवतो. वैद्याने स्वतःची प्रकृती ठणठणीत आहे एवढ्याच भांडवलावर दवाखाना थाटावा, तशातला हा प्रकार!

आता दुसरी बाजू. पहिल्याच सत्रात माझा वर्ग मध्येच काढून एका जपानी बाईंना देण्यात आला. बाई सुस्वभावी, नवऱ्याच्या नोकरीनिमित्त इथे आलेल्या. आपण कधी कोणाला काही शिकवलेले नाही, हे त्यांनीच मला संकोचून सांगितले. ‘वा’ आणि ‘गा’ यांत फरक काय, असे एका मुलाने विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “तसेच म्हणतात.” त्यांना मी दोष देत नाही. ‘त्याने आंबा खाल्ला’, मग ‘मीने खाल्ला’ का नाही, असे एखाद्या जपान्याने विचारले असते तर शिकवायला लागण्यापूर्वी मीही तेच उत्तर दिले असते. दोष आहे तो जन्मालाच पात्रता समजणाऱ्या चालकांचा.

खुद्द जपानने ही समजूत सोडली आहे. एप्रिल 2024 पासून तिथे जपानी शिकवणाऱ्यांसाठी सरकारी नोंदणीची पात्रता आली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तिची पहिली परीक्षा झाली. तिला राष्ट्रीयत्वाची अट नाही. टोकियोत जन्मलेल्यालाही ती पात्रता हवी असेल तर परीक्षेला बसावे लागते. आमच्याकडे मात्र गोरा रंग आणि ‘अस्सल उच्चार’ पाहून फीचा आकडा ठरतो!

मग आमच्यापाशी आहे काय? आमच्यापाशी मराठी आहे, आणि तीच आम्ही वर्गाबाहेर चपलांपाशी ठेवून येतो. ‘ताबेते मिरू’ म्हणजे खाऊन पाहणे. ‘मिरू’ म्हणजे पाहणे. ‘शिते ओकू’ म्हणजे करून ठेवणे. ‘ओकू’ म्हणजे ठेवणे. शब्दाला शब्द! तरी आम्ही हे इंग्रजीतून समजावतो, आणि मुले घाम पुसतात. उलट, जिथे मराठी दगा देते ती जागाही आम्हालाच ठाऊक. आमचे ‘देणे’ एकच. जपानीत मी दुसऱ्याला दिले तर ‘आगेरू’, दुसऱ्याने मला दिले तर ‘कुरेरू’. माझ्या वर्गातला प्रत्येक जण इथे अडखळला आहे, कारण मी स्वतः तिथेच सहा महिने अडखळत होते. हे अडखळणे आठवणीत ठेवणे आणि त्याच्यावर उपाय शोधणे, हा पेशा नव्हे तर काय?

परवा बँकेच्या अर्जावर ‘व्यवसाय’ या रकान्यात मी ‘शिक्षिका’ लिहिले. कारकुनाने विचारले, “शाळा कोणती?” मी म्हटले, “शाळा नाही. जपानी शिकवते.” तो म्हणाला, “मग ‘खाजगी नोकरी’ लिहा ना.”

मी खोडले नाही.