‘इतर, असल्यास’

भद्रावती भागातल्या एका कोळसा खाणीत या आठवड्यात नव्या कन्व्हेयरचं मॅन्युअल आलं. ‘पट्टा चालू असताना गार्ड काढू नये’ आणि ‘बेअरिंगला ठरलेलंच ग्रीस वापरावं’ ही दोन्ही वाक्यं त्यात एकाच ‘नोट’ टॅगमध्ये, म्हणजे मजकुराचा प्रकार सांगणाऱ्या एकाच खुणेत, कोंबलेली. पहिल्याला छपाईपुरता लाल रंग, बस. खाणीच्या सुरक्षा विभागाने धोक्याच्या सूचना तेवढ्या वेगळ्या काढून मागितल्या. पुरवठादाराने कळवलं, फाइल डिटा प्रमाणाची आहे, तिच्यात मनाचा टॅग घातला तर प्रमाण मोडतं.

हे चक्क ठोकून दिलेलं उत्तर आहे.

डिटा ही एक्सएमएलमध्ये तांत्रिक मॅन्युअल लिहिण्याची पद्धत आयबीएममध्ये घडली आणि २००५ मध्ये ओएसिस या संस्थेने ती प्रमाण म्हणून मान्य केली. नावातला ‘डी’ डार्विनचा, कारण जुन्या टॅगपासून नवा टॅग उत्क्रांत करणं हाच तिचा पाया. अट एकच, नव्या टॅगने कूळ सांगायचं. कामाची पायरी दाखवणारा ‘स्टेप’ आपल्या ‘क्लास’ गुणधर्मात नोंदवून ठेवतो की आपण मूळचे यादीतला मुद्दा, म्हणजे ‘एलआय’. ‘स्टेप’ न ओळखणारं सॉफ्टवेअर त्याला साधा मुद्दा समजून छापतं, मजकूर कुठे अडत नाही. मात्र बापाच्या घरात जे चालत नाही, ते मुलाच्याही घरात चालत नाही. धोक्याच्या सूचनेची सोय तर २०१० च्या १.२ आवृत्तीतच झाली. ‘हॅझर्डस्टेटमेंट’ हा ‘नोट’चाच वंशज. धोका कोणता, परिणाम काय आणि टाळायचा कसा, या तिन्हींना त्याच्या पोटात स्वतंत्र जागा आहे. पुरवठादाराला नवा टॅग घडवायचाही नव्हता, फक्त प्रमाण उघडून वाचायचं होतं.

सगळं एकाच जागी कोंबण्याची ही खोड सरकारी कागदांतही आहे, सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ रकाना असाच तुंबलेला आहे. पण टॅगच्या या भांडणाला खरा जोड सापडतो तो शेजारच्या गडचिरोलीत, वनहक्काच्या अर्जांमध्ये.

वनहक्क कायदा २००६ चा, त्याचे नियम १ जानेवारी २००८ चे. आपलं जंगल राखण्याचा, वाढवण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा गावाचा हक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये स्वच्छ लिहिलेला होता. नियमांसोबत दाव्याचे नमुने मात्र दोनच आले. वैयक्तिक हक्कासाठी ‘अ’, सामूहिक हक्कांसाठी ‘ब’. ‘ब’मध्ये निस्तार, गौण वनोपज, चराई यांना रकाने होते आणि पुढे तो लाडका ‘इतर पारंपरिक हक्क, असल्यास’. अख्ख्या जंगलाच्या व्यवस्थापनाला रकानाच नाही! धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर हक्क मिळवला, तो योग्य नमुना जन्माला येण्याच्या तीन वर्षं आधी. सप्टेंबर २०१२ च्या दुरुस्तीने ‘नमुना क’ आणला. त्यात पारंपरिक सीमांचा नकाशा, कंपार्टमेंट क्रमांक, लगतची गावं, सगळं आपापल्या जागी, आणि माथ्यावर कायद्याचं ते नेमकं कलम. नवा नमुना आला, पण कूळ सांगून आला. आज गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत. श्रेय ग्रामसभांच्या चिकाटीचं, यात वाद नाही. तरी पहिल्या दिवसापासून रकाना असता तर बरेच हेलपाटे वाचले असते, असा या सदराचा हट्ट आहे. पुरावा मागणाऱ्यांनी कोणत्याही तहसील कचेरीच्या बाकावर तासभर बसून यावं.

टॅगच्या दुनियेत डिटाखेरीज इतरही रीती आहेत. १९९१ पासून चालत आलेलं डॉकबुक हे तांत्रिक लेखनाचं प्रमाण हवा तो टॅग घालू देतं, पण मग पाचव्या आवृत्तीच्या संकेताप्रमाणे फाइलच्या माथ्यावर ‘एक्स्टेन्शन’ असं लिहावं लागतं. हे निर्भेळ डॉकबुक नव्हे, हे पुढच्याला कळतं. विमानं आणि लष्करी सामग्रीच्या मॅन्युअलसाठीचं, युरोपात घडलेलं एस१०००डी तर दारच लावून घेतं. तिथे नवा टॅग नाहीच. असलेल्यांपैकी कोणते वापरायचे आणि त्यांत कोणती मूल्यं चालतील, एवढंच प्रकल्पाने ‘ब्रेक्स’ नावाच्या नियमांच्या फाइलमध्ये बांधायचं. भद्रावतीसारख्या आयुध निर्माणीच्या गावाला हा कडकपणा समजावून सांगायला नको.

तिन्ही रीती सरळ आहेत. लाल रंगाची चौथी रीत तेवढी लबाडीची, कारण रंग माणसाला दिसतो, यंत्राला त्यातून धोका कळत नाही.

नवा टॅग फुकट मिळत नाही, हेही खरं. स्कीमा, म्हणजे टॅगांची नियमावली, वाढवा, छपाईचे नियम लिहा, लेखकांना शिकवा, वर पुण्याच्या सल्लागाराचं बिल. म्हणून ज्याच्यावाचून शोधणं किंवा गाळणं अडतं, त्यालाच टॅग द्यावा. खाणीच्या पुढच्या निविदेत दोन ओळी घातल्या तरी पुरे. धोक्याच्या सूचना ‘हॅझर्डस्टेटमेंट’मध्येच हव्यात. पुरवठादाराचे स्वतःचे टॅग असतील तर त्यांचा स्कीमा आणि मूळ टॅगवर परत आणलेली प्रत सोबत द्यावी. अशी प्रत काढण्याची सोय डिटाने पहिल्या आवृत्तीपासूनच ठेवलेली आहे. तिचे वेगळे पैसे लावणाऱ्याची निविदा खुशाल बाजूला ठेवावी.